‘सेंट अँगर’: मेटॅलिकाच्या सगळ्यात जास्त शिव्या खाल्लेल्या अल्बमचा फेरविचार का होतोय?

एखाद्या अल्बमची आठवण साधारणपणे त्यातल्या गाण्यामुळे राहते. मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या ‘सेंट अँगर’ची आठवण मात्र एका ढोलाच्या आवाजामुळे राहिली. टण्ण, टण्ण, टण्ण. जणू कुणी रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर काठी मारतंय. २००३ मध्ये आलेल्या या अल्बमवर गेली दोन दशकं विनोद, मीम्स आणि विडंबनाचे व्हिडिओ निघत आहेत.

पण गेल्या काही वर्षांत सूर थोडा बदललाय. ज्यांनी हा अल्बम एकदा ऐकून बाजूला ठेवला होता, त्यातले काही जण पुन्हा ऐकतायत. जे तेव्हा जन्मलेही नव्हते, त्यांना तो आवडतोय. मग आधीचं मत चुकीचं होतं का? की आता जुन्या गोष्टींचं कौतुक करायची फॅशन आली आहे? हे समजून घ्यायचं तर अल्बम बनला त्या दिवसांकडे जावं लागेल.

मेटॅलिका म्हणजे कोण?

१९८१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ड्रमवादक लार्स उलरिक आणि गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्ड यांनी हा बँड सुरू केला. १९८६ च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ने त्यांना मेटलच्या पहिल्या रांगेत बसवलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात त्यांचा बासवादक क्लिफ बर्टन गेला. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला.

१९९१ मध्ये बँडच्याच नावाचा, पण काळ्या मुखपृष्ठामुळे ‘ब्लॅक अल्बम’ म्हणून ओळखला जाणारा अल्बम आला. एकट्या अमेरिकेत त्याच्या दीड कोटींहून अधिक प्रती खपल्या. १९९६ च्या ‘लोड’ आणि १९९७ च्या ‘रीलोड’मध्ये बँडने केस कापले, वेग कमी केला आणि जुने चाहते पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर नाराज झाले. त्यानंतर स्वतःच्या नव्या गाण्यांचा पुढचा अल्बम यायला ६ वर्षं गेली. तोच ‘सेंट अँगर’.

अल्बमच्या आधीच घर फिरलं होतं

एप्रिल २००० मध्ये मेटॅलिकाने नॅपस्टर या गाणी फुकट वाटणाऱ्या सेवेवर खटला भरला. त्यांचं एक अपूर्ण गाणं रिलीज होण्याआधीच तिथून पसरलं होतं. कायद्याच्या बाजूने त्यांच्याकडे मुद्दा होता. पण चाहत्यांना दिसलं ते एवढंच, की करोडपती कलाकार विद्यार्थ्यांच्या मागे लागलेत. म्हणजे नवा अल्बम येण्याआधीच त्यांच्याविषयीची आपुलकी आटली होती.

जानेवारी २००१ मध्ये न्यूस्टेडने १४ वर्षांनंतर बँड सोडला. त्याला ‘इकोब्रेन’ नावाच्या दुसऱ्या गटासोबत काम करायचं होतं आणि हेटफिल्डला ते मान्य नव्हतं. वरवर कारण एवढंच. आत मात्र वर्षानुवर्षांचा अबोला, हुकूमशाही आणि दारू साचलेली होती.

उरलेले तिघे सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रेसिडिओ या जुन्या लष्करी वसाहतीतल्या बराकीत गाणी बनवायला बसले. काही महिन्यांतच, जुलै २००१ मध्ये, हेटफिल्ड व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी निघून गेला. काम ठप्प झालं. तो परत येणार की नाही, बँड राहणार की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

चारच्या ठोक्याला काम बंद

२००२ च्या एप्रिल-मेच्या सुमारास हेटफिल्ड परतला, पण अटी घेऊन. दुपारी १२ ते ४ एवढंच काम. चारनंतर तो घरी जाणार. आणि तो नसताना इतरांनीही गाण्यांवर चर्चा करायची नाही. रात्रभर स्टुडिओत बसायची सवय असलेल्या उलरिकला हे पटणं शक्यच नव्हतं.

भांडणं सोडवायला फिल टाऊल नावाचे सल्लागार नेमले गेले. त्यांची फी महिन्याला ४० हजार डॉलर. बासवादक नव्हताच, म्हणून निर्माता बॉब रॉकनेच बास हातात घेतला. आतापर्यंत शब्द बहुतांशी हेटफिल्ड लिहायचा. या वेळी सगळ्यांनी मिळून लिहायचं ठरलं. वाजवता वाजवता जे सुचेल ते रेकॉर्ड करायचं, मग संगणकावर त्याचे तुकडे जोडून गाणं उभं करायचं, अशी पद्धत ठरली.

थोडक्यात, ज्या घरात एकमेकांशी धड बोलणं होत नव्हतं, त्या घरात सगळ्यांनी मिळून स्वयंपाक केला. ताटात काय आलं असेल याचा अंदाज यायला हरकत नाही.

नेमकं खटकलं काय?

तक्रारी तीन होत्या आणि तिन्ही खऱ्या होत्या.

पहिली तक्रार अर्थातच त्या आवाजाची. ड्रमसेटमध्ये वादकाच्या समोर जो ढोल असतो, त्याला स्नेअर म्हणतात. त्याच्या खालच्या पडद्याला बारीक धातूच्या तारा लागलेल्या असतात. वर काठी पडली की त्या तारा थरथरतात आणि कोरडा, तुटक ‘चॅक’ असा आवाज येतो. ढोल-ताशात ताशाचं जे काम, साधारण तेच रॉकमध्ये स्नेअरचं: सगळ्या गोंगाटातून कडक ठोका वर काढायचा. बाजूची एक कळ फिरवली की तारा सैल होतात आणि ढोल पोकळ घुमतो. तबल्याच्या पुडीवर शाईच नसेल तर बोल कसे येतील, तसं काहीसं.

उलरिकने सांगितल्याप्रमाणे एके दिवशी तो तारा चढवायला विसरला. नंतर रेकॉर्डिंग ऐकताना त्याला तो आवाज आवडला आणि मग तोच ठेवला. एका गाण्यात तो चालून गेला असता. इथे तो ११ च्या ११ गाण्यांत आहे.

दुसरी तक्रार गिटारच्या सोलोची. सोलो म्हणजे गाण्याच्या मध्ये एकट्या गिटारने घेतलेली भरारी. ख्यालातून ताना काढून टाकल्या तर रसिक जसे बिथरतील, तसे मेटलचे चाहते बिथरले, कारण कर्क हॅमेटसारखा वादक असूनही अख्ख्या अल्बममध्ये एकही सोलो नव्हता. त्या काळी कॉर्न, लिंप बिझकिट अशा ‘न्यू मेटल’ बँड्सची चलती होती आणि त्यांच्या गाण्यांत सोलो क्वचितच असत. हॅमेटचं म्हणणं होतं की सोलो काढले तर हा अल्बम त्याच काळापुरता उरेल, पुढे जुनाट वाटेल. त्याचं ऐकलं गेलं नाही.

तिसरी तक्रार लांबीची. ११ गाणी, ७५ मिनिटं. म्हणजे सरासरी एक गाणं जवळपास ७ मिनिटांचं. मेटॅलिकाची जुनी गाणीही लांब असायची, पण ती वळणं घेत पुढे जायची. इथे एकच तुकडा फिरून फिरून येतो. ‘ऑल विदिन माय हँड्स’ हे शेवटचं गाणं तर पावणेनऊ मिनिटं चालतं आणि किंचाळत संपतं.

सगळ्यांनीच नाकारला होता का?

नाही. ही गोष्ट आज बहुतेक लोक विसरतात.

अल्बम बाजारात येण्याआधीच इंटरनेटवर फुटेल या भीतीने त्याची तारीख अलीकडे आणून तो ५ जून २००३ ला प्रसिद्ध केला गेला. अमेरिकेत पहिल्याच फेरीत ४ लाख १७ हजार प्रती खपल्या आणि तो बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने ५ पैकी ४ तारे दिले. ‘पिचफोर्क’ने मात्र १० पैकी ०.८ गुण दिले. फेब्रुवारी २००४ मध्ये शीर्षकगीताला सर्वोत्तम मेटल सादरीकरणाचं ग्रॅमीही मिळालं.

म्हणजे अल्बम पडला नव्हता, त्यावरून दोन तट पडले होते. पुढे विनोद टिकले आणि कौतुक पुसलं गेलं. मीमला ४ तारे दाखवता येत नाहीत, ‘टण्ण’ मात्र ऐकवता येतं.

माहितीपटाने बाजी पलटवली

हे सगळं घडत असताना खोलीत कॅमेरे सुरू होते. जो बर्लिंजर आणि ब्रूस सिनोफ्स्की या दिग्दर्शकांचा ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’ हा माहितीपट २००४ मध्ये आला. रॉक बँडचा इतका उघडावाघडा माहितीपट क्वचितच बनला असेल.

त्यात चिडलेला उलरिक हेटफिल्डच्या अगदी तोंडाजवळ जाऊन ओरडतो. १९८३ मध्ये बँडमधून काढून टाकलेला डेव्ह मस्टेन उलरिकसमोर बसून आपली जुनी जखम उघडी करतो. मस्टेनने त्यानंतर ‘मेगाडेथ’ हा स्वतःचा यशस्वी बँड उभा केला होता, तरी ते दुःख गेलेलं नव्हतं. उलरिकचे वडील टॉर्बेन एक तुकडा ऐकून शांतपणे सांगतात की हे काढून टाका. आणि शेवटाकडे नवा बासवादक रॉबर्ट ट्रुहियो येतो, त्याला आगाऊ १० लाख डॉलर देऊ केले जातात आणि तो गोंधळून हसतो.

माहितीपट पाहून अल्बम ऐकला की तो वेगळा ऐकू येतो. ‘फ्रँटिक’मध्ये वाया गेलेल्या दिवसांचा हिशेब आहे. ‘डर्टी विंडो’मध्ये माणूस स्वतःचाच न्यायाधीश होऊन बसलाय. ‘द अननेम्ड फीलिंग’ नाव न देता येणाऱ्या घाबरण्याविषयी आहे. ‘ऑल विदिन माय हँड्स’ मुठीत धरून ठेवण्याच्या हव्यासाविषयी आहे आणि ज्या माणसाने न्यूस्टेडला दुसऱ्या गटात वाजवू दिलं नाही, तोच ते गातोय. शब्द अनेक ठिकाणी ओबडधोबड आहेत. व्यसनमुक्ती केंद्रातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाच्या वहीसारखे आहेत, कारण ते बऱ्याच अंशी तेच आहेत.

शीर्षकगीताचा व्हिडिओ कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात, कैद्यांसमोर चित्रित झाला. स्वतःच्या रागाविषयीचं गाणं म्हणायला त्यांनी ती जागा निवडली.

मत बदलायला काय कारण झालं?

पहिलं कारण श्रोत्यांची पिढी. २००३ मध्ये पडेगावसारख्या ठिकाणच्या मुलाला नवा इंग्रजी अल्बम ऐकायचा तर शहरातलं कॅसेट-सीडीचं दुकान गाठावं लागे. साठवलेले पैसे खर्च करून घेतलेल्या अल्बममधून असा आवाज आला की फसवणूक झाल्यासारखं वाटणारच. आज तोच अल्बम फोनवर बाकीच्या अल्बमच्या शेजारी पडलेला असतो. नव्या श्रोत्याने त्यासाठी ६ वर्षं वाट पाहिलेली नाही, पैसे मोजलेले नाहीत, नॅपस्टरचा राग धरलेला नाही. तो गाणं ऐकतो, अपेक्षा ऐकत नाही.

जुन्या बँडकडून लोकांना बहुतेक वेळा जुनंच हवं असतं. आयर्न मेडनने १ फेब्रुवारी २००८ ला आपला विश्वदौरा थेट मुंबईतून सुरू केला, तो दौराही त्यांच्या १९८० च्या दशकातल्या गाण्यांवर आधारलेला होता. वीस वर्षं जुन्या बँडने नवं काही केलं की त्याची तुलना चाहत्यांच्या स्वतःच्या तारुण्याशी होते. त्या स्पर्धेत कुठलाच अल्बम जिंकत नाही.

दुसरं कारण जास्त ठोस आहे. गाणी पुन्हा वाजवली गेली. मूळ अल्बमसोबत एक डीव्हीडी होती, तिच्यात ट्रुहियोसह बँड सगळी गाणी सरावाच्या खोलीत वाजवताना दिसतो. २०१५ मध्ये काही चाहत्यांनी अख्खा अल्बम नव्याने वाजवून, ढोलाचा आवाज नीट करून इंटरनेटवर टाकला. आणि २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सिंफनी या वाद्यवृंदासोबतच्या ‘एस अँड एम २’ मैफिलीत बँडने ‘ऑल विदिन माय हँड्स’ संथ, ध्वनिक रूपात सादर केलं. किंचाळ्या गेल्या आणि खाली एक चांगली, उदास चाल असल्याचं लक्षात आलं. २०१७ मध्ये बँडने काढलेल्या समाजसेवी संस्थेलाही याच गाण्याचं नाव आहे.

तिसरं कारण दुःखाचं आहे. त्या मैफिली ६ आणि ८ सप्टेंबर २०१९ ला झाल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस बँडने जाहीर केलं की हेटफिल्ड पुन्हा उपचारांसाठी दाखल झाला आहे आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा दौरा पुढे ढकलला आहे. १८ वर्षांनी तीच लढाई. ‘सेंट अँगर’मधल्या ज्या शब्दांना लोक रडगाणं म्हणून हसले होते, ते शब्द सजावटीचे नव्हते एवढं तरी त्या दिवशी स्पष्ट झालं.

फेरविचार म्हणजे माफी नव्हे

महाराष्ट्राला असे वाद नवे नाहीत. क्षयाच्या दीर्घ आजारातून उठून १९५० च्या दशकात कुमार गंधर्व पुन्हा गाऊ लागले, तेव्हा त्यांच्या तुटक, लहान स्वरवाक्यांच्या गायकीवरून रसिकांत दोन तट पडले होते. काहींना ती परंपरेची मोडतोड वाटली. आज ती गायकी हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासातलं मोठं पान मानली जाते. तिथे कानच नव्याने घडले. कुमारांनी जे केलं ते विचारपूर्वक केलं होतं, ते कळायला लोकांना वेळ लागला.

‘सेंट अँगर’चं तसं नाही आणि तसं भासवण्यातही अर्थ नाही. इथे बऱ्याच गोष्टी विचारपूर्वक नव्हे, तर थकव्यातून घडल्या. कात्री लावायची हिंमत कुणात नव्हती, कारण कुणाचाही तुकडा कापला की भांडण पेटणार. सोलो नको हा निर्णय त्या काळाच्या फॅशनचा होता आणि हॅमेटचं भाकीत खरं ठरलं: अल्बमवर २००३ चा शिक्का ठळक आहे.

खराब आवाजाने अल्बम मरतोच असं नाही, हे मेटॅलिकानेच आधी सिद्ध केलं होतं. १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये न्यूस्टेडचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही, तरी तो अल्बम अभिजात मानला जातो, कारण त्यातली गाणी घट्ट बांधलेली आहेत. ‘सेंट अँगर’ची बांधणी सैल आहे. म्हणून सगळा दोष बिचाऱ्या स्नेअरवर ढकलणं हेही सोपं उत्तर झालं.

उलरिक आजही या अल्बमची बाजू घेतो. हेटफिल्डने एकदा म्हटलं होतं की ढोलाचा तो पत्र्यासारखा आवाज थोडा कमी असता तर बरं झालं असतं, पण अशा गोष्टी बँडच्या इतिहासाचा भाग आहेत, त्या आता बदलू नयेत. २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये बॉब रॉकच्या जागी रिक रुबिन हा निर्माता आला, सोलो परत आले आणि बँड ओळखीच्या वाटेला लागला. पण त्या वाटेवर परतायला बँड शाबूत असायला हवा होता आणि तो या अल्बममुळेच शाबूत राहिला.

म्हणून फेरविचारातून निघणारं उत्तर ‘ही लपलेली उत्कृष्ट कलाकृती आहे’ असं नाही. तीन गोष्टी वेगळ्या करून पाहायला हव्यात. गाणी: निम्मी चांगली, जवळपास सगळी गरजेपेक्षा लांब. आवाज: चुकलेला, पण खरा. आणि प्रसंग: दारू सोडायचा प्रयत्न करणारा एक माणूस आणि त्याला गमवायला तयार नसलेले त्याचे जुने सोबती. २००३ मध्ये लोकांनी फक्त दुसरी गोष्ट ऐकली.

ऐकायचाच असेल तर कसा ऐकाल?

सलग ७५ मिनिटं ऐकू नका, तो हट्ट करणारे बहुतेक जण अर्ध्यात सोडतात.

आधी ‘ऑल विदिन माय हँड्स’चं २०१९ चं वाद्यवृंदासोबतचं रूप ऐका आणि लगेच मूळ गाणं लावा. एकाच चालीची दोन टोकं कळतील. मग ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’ हा माहितीपट पाहा. मेटल आवडत नसलं तरी चालेल, सोबत काम करणाऱ्या माणसांचं कसं बिनसतं याची ती गोष्ट आहे. त्यानंतर ‘फ्रँटिक’, ‘सेंट अँगर’, ‘डर्टी विंडो’ आणि ‘द अननेम्ड फीलिंग’ ही चार गाणी ऐका.

एवढं करूनही तो ढोल कानाला टोचला, तर खुशाल बंद करा. तो टोचतोच. फक्त पुढच्या वेळी मीम फॉरवर्ड करताना तो आवाज कुठल्या खोलीतून आला होता, एवढं माहीत असेल.